जपानच्या ऐंशी सुया

"चूक कुठं झाली? तिथवर उसवा."

हे बोलताना बाई उजव्या हाताचं पहिलं बोट विणलेल्या कापडावर टेकवायच्या आणि एकेका ओळीवरून खाली सरकवत न्यायच्या. बोट थांबलं की समजायचं, आज आपलं जेवण लांबलं. मी त्या बोटाला जितकी भ्याले तितकी सासूलाही भ्याले नाही, आणि माझी सासू काय होती ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. शिरूर कासारात त्यांना नावानं कोणी ओळखतही नव्हतं. लोकरवाल्या बाई म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवायचं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, टेबलावर विणायचं जपानी मशीन. एका सरकारी केंद्राला टाळं लागलं तेव्हा भंगारात निघालेलं ते मशीन बाईंनी उचलून आणलं होतं. एका रांगेत एकशे दहा सुया, वरून गाडी सरकवायची, खर्र करून एक ओळ तयार. खर्र इकडं, खर्र तिकडं. माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या आवाजावर माझा चहा उकळायचा.

मी वयानं दहा वर्षांनी मोठी, म्हणून त्या मला अक्का म्हणायच्या. कामात मात्र त्या मोठ्या. त्या पाठ, पोट, बाह्या विणून माझ्याकडं टाकायच्या, मी ते जोडून गुंड्या लावायची. वर्षानुवर्षं हे चाललं.

एकदा मी घाईत एका पाठीतला सुटलेला टाका वरच्या वर गाठ मारून दडवला. दिसणार नाही असा. बाईंनी हात फिरवला, बोट सहा ओळी खाली जाऊन थांबलं.

"बाई, कुणाला दिसतंय ते?" मी म्हटलं.

"दिसायचं न्हाई अक्का, पण ताणलं की तितूनच जाईल. लेकरू काय स्वेटर जपून घालतंय व्हय?"

त्यांनी सगळी पाठ माझ्यासमोर भराभरा उसवली. रागावल्या नाहीत. लोकरीचा गुंडा करून मशीनवर बसल्या आणि खर्र सुरू. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ओरडत नाहीत, म्हणून जास्तच लागतं.

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "कुठं लिवलंय?" हे माणसांसाठी. एसटीतून लोकरीचं गाठोडं आणताना कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल. बाईंनी विचारलं, "कुठं लिवलंय?" सगळी गाडी हसली. कंडक्टरही इरेला पेटला, त्यानं पुस्तक काढून नियम दाखवला. बाईंनी बोट ठेवून सगळा वाचला आणि म्हणाल्या, "लिवलंय खरं. घ्या पैसे." वरून त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. लिहिलेलं दाखवलं की बाईंचं भांडण संपलं. मग दातओठ खाऊन देणं नाही, की रडगाणं नाही.

आमच्या शिरूरहून दरवर्षी किती घरं ऊसतोडीला जातात ते नवं सांगायला नको. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. बायका श्रावणापासूनच बाईंकडं मापं द्यायच्या. माप म्हणजे वितीनं, "दोन वीत अन् चार बोटं, बाई." बाई बाह्या आणि घेर मुद्दाम लांब विणून आत दुमडायच्या, म्हणजे पुढच्या हंगामाला उलगडायला येतात. रंग मात्र बाईंचा. नारिंगी, शेंदरी, हळदीचा पिवळा, बस. हिरवा कुणी मागितला तर नाही म्हणजे नाही.

"बाई, माझ्या लेकराला पोपटी लई शोभतंय."

"शोभत असंल. माझ्याकडं न्हाई."

"मी देते की लोकर आणून."

"मग विणून बी तूच घे."

गल्लीतला मुकादम, म्हणजे टोळी घेऊन जाणारा, मोठा थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, "बाई, ही पोरं हायेत का झेंडूचं वावर?"

"लांबून दिसतंय ना? मग झालं," बाई म्हणायच्या आणि गाडी सरकवायच्या.

त्या वर्षी श्रावण सरता सरता बाई आठ दिवस भावाकडं गेल्या होत्या. इकडं पावसानं झड लावली. पत्र्याला नेमकं मशीनवरच भोक. मशीनवर टाकलेली गोधडी भिजली आणि ओली गोधडी आठ दिवस सुयांवर बसून राहिली. बाई आल्या, गोधडी उचलली. सगळ्या सुया तांबेरल्या होत्या. घासून, तेल लावून पाहिलं. जेमतेम तीस चालल्या. बाकीच्यांचे टोकाचे आकडे हात लावला की तुटत होते. आणि भिंतीवरच्या खिळ्याला बेचाळीस लेकरांची मापं अडकवलेली.

बाईंनी सोलापूर विचारलं, लुधियाना विचारलं. तिकडून नमुन्याच्या सुया आल्या, त्या केसभर जाड. खाचेत सरकेनात. मग मीच म्हटलं, "माझा पुतण्या जपानात हाय, त्याला विचारू." पोरगा गुणी. त्यानं तिकडं एक म्हातारा दुकानदार शोधून काढला, त्याच्याकडं नेमक्या त्याच मापाच्या जुन्या सुया होत्या. ऐंशी सुयांचे पावणेतीन हजार. बाईंनी पैसे आधी दिले, मग बिल मागितलं. पुतण्यानं बिलाचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला, तर बाईंनी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याचा कागद काढून आणला आणि पिशवीत घडी करून ठेवला.

आता माझा गुन्हा सांगते.

पुतण्याचा फोन आला तेव्हा बाई घरात नव्हत्या. तो म्हणाला, "काकू, पार्सलवर किंमत लिहावी लागते. बिलावरचीच लिहितो."

आमच्याकडं लग्नात आहेर माइकवरून पुकारतात, तुम्हाला माहीतच आहे. मामाकडून भारीचा शालू, असा आवाज सगळ्या मांडवात जातो. शालू कसला आहे ते गाठोडं सोडल्यावर कळतं. पण पुकारताना कमी कुणी पुकारत नाही. देणाऱ्याची लाज असते, घेणाऱ्याची असते. माझ्या डोक्यात तेच.

"अरे, पावणेतीन हजाराचं म्हणल्यावर कोण जपून आणील? कुठंतरी आपटतील. चांगली भारी टाक. तीस हजार टाक."

"काकू, तसं नसतंय करायचं."

"मोठं कोण, तू का मी?"

लेकरू जपानात जाऊन इंजिनियर झालं, पण काकूपुढं बोलायला शिकलं नाही. त्यानं तीस हजार टाकले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोस्टातून निरोप आला. आम्ही दोघी गेलो. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. पोस्टमास्तर तरुण, नवीनच बदलून आलेला. खोकं समोर होतं, हातभर लांबीचं. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मावशी, बारा हजार सहाशे भरा आणि घेऊन जा."

बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. "पोस्टाचे तिकडंच भरलेत."

"पोस्टाचे नाहीत. कस्टमचे. बाहेर देशातून माल आला की सरकारचा कर लागतो."

"कुठं लिवलंय?"

त्यानं चिठ्ठी दाखवली. बाईंचं बोट एकेक शब्दावरून सरकत गेलं आणि किमतीवर थांबलं. "ऐंशी सुयांचे तीस हजार? सोन्याच्या हायेत का?"

"ते मला काय माहीत? पार्सलवर जे लिहिलंय त्यावर कर बसतो. आठ दिवस ठेवता येईल. नाही नेलं तर परत जाईल जपानला."

मी शेजारी उभी होते. तिथंच बोलायला हवं होतं, पण मी भिंतीवरच्या बचत खात्याच्या पाटीवरचं सगळं वाचून काढलं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "दुकानदाराची चूक असंल. पुतण्याला इचारा."

"लागंना त्याचा फोन," मी म्हटलं. फोन मी लावलाच नव्हता.

दसऱ्याला मी त्यांच्या दारात आपट्याची पानं घेऊन गेले. पदराखाली माझी बोरमाळ होती. "ही घ्या, मोडा, अन् पार्सल सोडवा," म्हटलं.

बाईंनी माळेकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघितलं. "कावून?"

"लेकरांसाठी."

"लेकरं माझ्या भरवशावर हायेत, तुमच्या माळेच्या न्हाई. ठेवा ती."

त्याच दिवशी मुकादमही आला. "बाई, मुंबईला कस्टमात आपला एकजण हाय. दोन-तीन हजार दिले की खोकं सुटतंय, कागदाची भानगड न्हाई."

"ते तीन हजार कुठं लिवलेत?"

"लिहून कोण घेतंय असलं?"

"मग मी बी देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मशीनशी बसल्या होत्या, पण गाडीला हात नव्हता. टेबलावर बिलाचा कागद, शेजारी त्या चिठ्ठीची झेरॉक्स. विणकाम तपासावं तसं त्या ते तपासत होत्या. बोट बिलावर ठेवलं. "इथं पावणेतीन हजारच हायेत. म्हंजी दुकानदार बरोबर." बोट चिठ्ठीवर गेलं. "इथं तीस. म्हंजी कस्टमचे साहेब बी बरोबर, त्यांनी पार्सल बघून लिवलं. राहिलं मधलं. पार्सलवर कुणी लिवलं?"

"पुतण्यानं," मी म्हटलं.

"त्याला कुणी सांगितलं?"

बोट टेबलावर थांबलं. मग मी सगळं सांगितलं, आहेरापासून. सांगताना मला हुंदका आला, वय झालेल्या बाईला शोभत नाही असा.

मला वाटलं, आता बारा वर्षांचं शेजारपण संपलं. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग त्यांनी निःश्वास सोडला, अगदी सुटल्यासारखा.

"सापडली ना चूक? आता तिथवर उसवू. अक्का, वही काढा."

अर्ज मीच लिहायचा असं त्यांनी ठरवलं, कारण चूक माझ्या तोंडातून गेली होती. मी चौथी शिकलेली, पण अक्षर वळणदार. लिहिलं की सुयांची खरी किंमत पावणेतीन हजार, बिल सोबत जोडलं आहे, जास्तीची किंमत मी चुकून लिहायला लावली. बाईंनी वाचलं. "चुकून म्हंजी कसं? आहेराचं लिवा."

"आवो बाई, मुंबईच्या साहेबाला आहेर कशाला सांगायचा?"

"खरं कावून चुकलं ते कळाया पायजे. अर्धवट उसवलं तर गुंता हुतोय."

तर मी लिहिलं. आमच्याकडं आहेर वाढवून पुकारायची रीत आहे, त्या सवयीनं मी असं केलं, यात पुतण्याचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, बाईंचा नाही. खाली सही केली. बाईंनी माझ्या सहीखाली आपली सही केली.

"तुमी कशाला?" मी म्हटलं.

"सुया माझ्याच हायेत ना?"

पोस्टमास्तरानं अर्ज दोनदा वाचला. पहिल्यांदा कपाळाला आठ्या, दुसऱ्यांदा ओठ दाबून हसू. "मावशी, किंमत कमी करून सांगणारे लई असतात. जास्त सांगितली म्हणून कबूल करणारं मी पहिल्यांदा बघतोय. पण साहेबांनी विश्वास नाही ठेवला, चौकशी लागली, तर?"

बाई म्हणाल्या, "लागू द्या. आमी कुठं पळून चाललोय? दोघी हितंच ऱ्हातोत."

"पार्सल परत मुंबईला जाईल फेरतपासणीला. दिवाळीच्या आत येईल असं सांगता येत नाही."

बाईंचा चेहरा त्या एका वाक्याला तेवढा पडला. बेचाळीस मापं डोळ्यासमोर आली असतील. पण म्हणाल्या, "जाऊ द्या. अर्जाची पोच द्या, शिक्का मारून."

शिक्का मारताना पोरगा म्हणाला, "माझ्या आईनं बी हेच केलं असतं. आहेराचं."

घरी येऊन बाईंनी चूळ भरली आणि सगळ्या चांगल्या सुया मशीनच्या एका टोकाला एकीला एक लावून घेतल्या. तीस सुयांवर वीतभर रुंदीची पट्टी निघते. पाठीला दोन पट्ट्या, पोटाला दोन, बाह्यांना एकेक.

"अक्का, जोडायचं काम तिप्पट झालं बरं का."

"होऊ द्या," मी म्हटलं. मला ते बरंच वाटलं. चूक फेडायला काहीतरी हाताला लागलं.

आम्ही तीन आठवडे पट्ट्या केल्या. फराळाचं मी त्या वर्षी काहीच केलं नाही, नुसता चिवडा. बाई विणायच्या, मी जोडायची. एका दुपारी नारिंगी लोकर संपत आली. कोपऱ्यात कुणीतरी कधीची दिलेली हिरवी लोकर पडून होती, चांगली जाडजूड. मी म्हटलं, "एवढी अडचण हाय, तर मागच्या पट्टीला ती घेऊ. हिरव्याचं तुमचं काय वाकडं हाय बाई?"

गाडी थांबली.

"आमचे आई-बाप कोयत्यावर जायचे," बाई म्हणाल्या. कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. "मी सात वर्षांची, धाकटा भाऊ तीनचा. कुणीतरी त्याला हिरवा स्वेटर दिला हुता. पहाटं धुकं लई. तो उसाच्या हिरव्या वाढ्यात जाऊन निजला. गाडीवान तर चांगला माणूस हुता, आमच्यातलाच. बैलगाडी मागं घेतली. त्याला दिसलंच न्हाई."

मी सुई तशीच धरून बसले. हा भाऊ मला माहीत होता. श्रावणात बाई त्याच्याचकडं गेल्या होत्या. लंगडत चालणारा, हसरा माणूस.

"पाय गेला, जीव राह्यला," बाई म्हणाल्या. "म्हणून म्हणते, लांबून दिसलं पायजे. जा, पिवळी हाय का बघा खालच्या खोक्यात."

पिवळी होती. त्या स्वेटरांच्या पाठी अर्ध्या नारिंगी, अर्ध्या पिवळ्या झाल्या.

टोळ्या निघाल्या त्या दिवशी एकेचाळीस तयार होते. बेचाळिसाव्याची एक बाही राहिली होती. स्टँडजवळ ट्रॅक्टर सुरू होऊन थरथरत होता, मुकादम हाका मारत होता, आणि मी ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून बाही जोडत होते. खाली बाई त्या पोराची मापाची वीत परत घेत होत्या, खात्री म्हणून.

"अक्का, तुमी बी चला की तोडीला," मुकादम म्हणाला.

"गप ऱ्हा, टाका चुकंल," मी म्हटलं.

शेवटची गाठ मारली, दातानं धागा तोडला, आणि मला चार बायकांनी धरून खाली उतरवलं.

पार्सल त्यानंतर नवव्या दिवशी आलं. पोस्टमास्तर स्वतः घरी घेऊन आला. चिठ्ठीवरच्या तीस हजारांवर काट मारून खाली पावणेतीन हजार लिहिलेले, बाजूला कुणाची तरी बारीक सही. कर बाराशेच्या आत. बाईंनी बोट ठेवून सगळं वाचलं, पिशवीतून पैसे काढले आणि हसत दिले.

"हे द्यायला काही वाटत नाही का, मावशी?" त्यानं विचारलं.

"लिवलंय की. अन् खऱ्यावर लिवलंय."

त्यालाही लाडू मिळाला. मग बाईंनी ती चिठ्ठी मशीनच्या वर भिंतीला चिकटवली. मी म्हटलं, काढा, माझी लाज टांगून ठेवलीत. तर म्हणाल्या, "लाज कसली? एवढं चांगलं उसवलेलं मी दुसरं बघितलं न्हाई."

पुढच्या वर्षी मशीनवर एकशे दहा सुया चकाकत होत्या. सलग पाठी निघू लागल्या. तर बायका येऊन म्हणू लागल्या, "बाई, तो पट्ट्यांचाच द्या. जोड उसवून मधी आणखी पट्टी घालता येते, लेकरू जाड झालं तरी चालतोय." बाई माझ्याकडं बघून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. माझं काम तिप्पटच राहिलं ते शेवटपर्यंत.

परवाच्या पावसाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "अक्का, पत्रा बघून घ्या, गळतो." भावानं पत्रा बदलला. मशीनवर आता प्लॅस्टिक आहे, चिठ्ठी अजून भिंतीला आहे. भिंतीपलीकडून खर्र येत नाही, आणि चहा कधी उकळला ते मला कळत नाही.

यंदा दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा मी सवयीनं स्टँडवर गेले. स्वेटर द्यायचा नव्हता कुणाला. मुकादमानं हात केला, थट्टा केली नाही. ट्रॉलीत एक तीन-चार वर्षांचं लेकरू पोत्यावर उभं होतं. त्याच्या अंगात अर्धा नारिंगी, अर्धा पिवळा स्वेटर. बाह्या पुऱ्या उलगडलेल्या, बगलेत कुणीतरी नवीन पट्टी घातलेली. जोडावरचे टाके माझे होते. थोरल्या भावंडांचा उतरत उतरत त्याला आला असणार.

ट्रॅक्टर हलला. लेकरानं मला नव्हे, सगळ्या शिरूरलाच हात केला. रस्ता सरळ आहे तिथं, वळणावरच्या बाभळीपर्यंत. ट्रॉली धुळीत गेली, माणसं ओळखू येईनाशी झाली, भांड्यांचा आवाज थांबला. ते लेकरू मात्र बाभळीपर्यंत दिसत होतं.